घसारा

गाडीचं पुढचं डावं चाक फुटपाथच्या दगडाला करर्र करत घासलं, त्यानंतर दोन सेकंदांनी काका म्हणाले, "बास."

ते दोन सेकंद मी अजून विसरलेलो नाही.

सदाशिव पेठेत मावशीला सोडायला गेलो होतो. एकेरी रस्ता, उजव्या हाताला चक्क रिकामी जागा. गाडी लावली, उतरणार, तोच वाड्याच्या पायरीवरून एक काका उठले. गुडघ्यापर्यंत बर्म्युडा, बाह्यांचा बनियन, हातात दुधाची पिशवी. काच खाली करायला लावून म्हणाले, "आज तारीख काय?"

मला वाटलं, वयामुळे विसरले असतील. प्रेमानं सांगितलं, "बावीस."

"मग? बावीस सम की विषम? पी-वन, पी-टूची पाटी वाचता येते ना? ही बाजू पी-वन, विषम तारखेची. समोर घ्या. जॅमर लागला की मग आम्हालाच विचारत बसता."

आता समोरच्या बाजूला दोन गाड्यांच्या मधे एक फट होती. फटच म्हणायची. मी म्हटलं, पुढे कुठंतरी बघतो. काका म्हणाले, "बसतीय. मी आहे ना." मागच्या सीटवरून मावशी म्हणाली, "अरे ते सांगतायत तर ऐक की."

पुण्यात गाडी मागे घेणारा माणूस कधीही एकटा नसतो. ज्यांना स्वतःची सायकल भिंतीला नीट टेकवता येत नाही तेसुद्धा तुमच्या गाडीमागे उभे राहून हवेत पंजा हलवायला लागतात. "येऊ द्या, येऊ द्या" ही त्यांची हाक, आणि तिचा गाडी येण्याशी संबंध नसतो. गाडी येतच असते. काकांचा पंजा हलत होता, त्यात दुधाची पिशवीही हलत होती, आणि मी गाडीच्या कॅमेऱ्याकडे न बघता आरशात त्या पिशवीकडे बघत होतो. मागे घेतली, ठीक झालं. मग काका मागूनच ओरडले, "आता सरळ करा. पुढे घ्या. डावीकडे कट मारा. अजून मारा. बसतंय, बसतंय..."

करर्र.

"बास."

उतरून बघितलं. अलॉय व्हीलच्या कडेला वीतभर पट्टा सोलून निघाला होता. खालचं कच्चं पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसत होतं, एका टोकाला त्याचा पेन्सिलच्या सालासारखा बारीक वळसा लोंबत होता, आणि सगळ्यावर फुटपाथचा पिवळा रंग. काकाही वाकले. त्यांनी आधी दगड तपासला. बोट फिरवून म्हणाले, "दगडाला काही नाही झालेलं."

"काका, तुम्ही बास उशिरा म्हणालात."

"मी मागनं बघत होतो. पुढचं तुम्ही बघायचं."

यावर काय बोलणार? काकांनी तोवर फियाट काढली होती. गोष्टीत. त्यांच्या त्या फियाटला, म्हणजे प्रीमियर पद्मिनीला, पत्र्याची चाकं होती, वर चकचकीत व्हीलकप. चाक घासलं तर घासलं, कुणी वाकून बघायचं नाही. "व्हीलकप चोरीला जायचे, ते सोडा," ते म्हणाले. "पण रविवारी जुन्या बाजारात गेलं की आपलाच आपल्याला परत मिळायचा."

"विकत?"

"विकत. पण आपलाच."

इथं मी एक चूक केली. मला मोठेपणा सुचला. म्हटलं, "आमचा इन्शुरन्स आहे. टायर आणि रिमचं वेगळं कव्हर घेतलंय, जादा पैसे भरून." आणि त्यांच्यादेखत फोन लावला, स्पीकरवर.

मराठीसाठी तीन दाबा, मग वाट बघा, मग संतूर ऐका, असं करत एक अत्यंत गोड मुलगी आली. तिनं विचारलं, "सर, टायरला बल्ज आलाय का?"

मी म्हणणार होतो, बघून सांगतो. तेवढ्यात काका उकिडवे बसले, टायर अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबला आणि फोनच्या दिशेनं ओरडले, "नाही! ठणठणीत आहे!"

"सर, कट गेलाय का?"

"एक चरा नाही!"

"टायर फुटलाय का, सर?"

"छे! हवासुद्धा गेलेली नाही. मी साक्षीदार आहे."

"सर, तुमच्यासोबत कोण बोलतंय?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

मुलीनं समजावून सांगितलं की माझ्या त्या कव्हरमधे टायर फुगला, फाटला, फुटला किंवा त्या दणक्यात रिम वाकली, तर पैसे मिळतात. नुसता ओरखडा हा दिसण्याचा प्रश्न आहे, चालण्याचा नाही. मग उत्साहानं म्हणाली, "तुमचा टायर एकदम सुरक्षित आहे, सर." अभिनंदन करायचंच फक्त राहिलं. काकांनी चेहऱ्यावर अशी कृतार्थता आणली, जणू टायर त्यांनीच वाचवला.

मूळ पॉलिसीतून क्लेम करता येईल, असंही ती म्हणाली. मग हिशेब निघाला, आणि काका खुलले. ते कुठल्यातरी हिशेब खात्यातून निवृत्त झालेत हे मला तेव्हा कळलं. माझी गाडी १५०० सीसीच्या आतली, म्हणून पहिले १,००० रुपये माझ्या खिशातून. गाडीचं चौथं वर्ष, म्हणून नवीन चाक घातलं तर धातूच्या भागावर २५ टक्के घसारा, म्हणजे जुनेपणापोटी कपात. रबर आणि प्लॅस्टिक असतं तर सरसकट ५०. आणि सगळ्यात वर नो क्लेम बोनस. तीन वर्षं क्लेम न केल्यामुळे मला ३५ टक्के सूट होती, यंदाही गप्प बसलो तर ४५ होणार. एक क्लेम केला की शून्य, परत पहिलीपासून. म्हणजे दुरुस्तीचे साडेतीन हजार धरले तर हातात येणार अडीच, आणि पुढच्या वर्षी गाडीच्या नुकसानीच्या भागाचा जो ११,००० चा हप्ता, त्यावरची ४,९५० ची सूट जाणार.

काकांनी दुधाची पिशवी बॉनेटवर ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे चाक तुम्ही घासायचं आणि घसारा त्यांनी कापायचा."

हा विनोद माझा असायला हवा होता. चाक माझं होतं.

माझ्या आजोबांची बैलगाडी होती. तिच्या चाकाला तुंबा, आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. ती धाव आयुष्यभर दगडावरच घासायची, तेच तिचं काम होतं. कुणी तिला डायमंड कट म्हणून विकली नाही. आमची ही डायमंड कट चाकं म्हणजे लेथवर पृष्ठभाग तासून वर पारदर्शक थर दिलेला. शोरूममधे दिव्याखाली इतकी सुंदर दिसतात की बाहेर फुटपाथ नावाची वस्तू असते हेच आठवत नाही. आणि फुटपाथ तरी कसे? एके ठिकाणी चार बोटं, दहा पावलांवर गुडघाभर, कडेला तासलेली धार. चालणाऱ्याला चढता येत नाही आणि चाक काही सुटत नाही. त्यावर पाच-सहा दुचाकी उभ्या असतात ते वेगळंच.

खरा राग मात्र त्या कव्हरचा आहे. तीन वर्षं मी त्याचे पैसे भरले, वर १८ टक्के जीएसटी, आणि पॉलिसीची पीडीएफ कधी उघडली नाही. आता उघडली. काय मिळणार ते एका परिच्छेदात आहे, काय मिळणार नाही याला दीड पान. पंक्चर नाही, झीज नाही, ओरखडा नाही. म्हणजे अर्धवट नुकसान करणाऱ्याला थारा नाही. काका तर निघताना म्हणालेच, "जाताना एखाद्या खड्ड्यात जरा जोरात घाला. टायर गेला की मिळतील." मावशी हसली. मला राग आला तो याचाच, की क्षणभर मीही कुठला खड्डा ते आठवून पाहिलं.

शोरूमनं सांगितलं, रिपेअर करत नाही, नवीन घ्या, चौदा हजार. शेवटी नाना पेठेत एक लेथवाला सापडला. तो म्हणाला, रंग मारून हवं तर बाराशे, लेथवर हवं तर साडेतीन हजार, आणि लेथला पुन्हापुन्हा लावता येत नाही, दर वेळी कातडं पातळ होतं. मी लेथ म्हणालो. दोन दिवसांनी चाक मिळालं, आरशासारखं.

मावशीला आणायला गेलो ती तारीख पंचवीस. उजवीकडे लावली, स्वतःच्या अकलेनं. काका आले, वाकले, बराच वेळ चाकाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता माफी मागतात.

"चांगलं केलंय," ते म्हणाले. "पण आता बाकीची तीन जुनी दिसायला लागली."

घरी येऊन मी गाडीभोवती दोनदा फिरलो. दिसतात. लेथवाल्याला फोन केलाय. तिन्ही एकदम आणली तर पाचशे कमी करीन म्हणतो.