तासाला ३५ डॉलर गुणिले २०० तास? हिशोबच गंडलाय

कुडाळ-सावंतवाडीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. परदेशी एअरलाईनमध्ये केबिन क्रूला तासाला ३५ डॉलर मिळतात, रोजचे ८ तास धरा, महिन्याचे २५ दिवस, झाले ७,००० डॉलर. पैसे फक्त विमान हवेत असतानाचे, जगभर हाच नियम, आणि आपल्याकडे नुसता फिक्स पगार म्हणून पोरांनो बाहेर पळा. खाली कुठल्यातरी क्लासचा नंबर. बारावी झालेल्या पोरांचे आईबाप हे वाचून फी भरायला निघतात म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

आधी ते ७,००० बघू. मेसेज स्वतःच म्हणतो की पैसे हवेतलेच, मग रोज ८ तास हवेत कोण राहतं हो? अमेरिकेच्या कामगार खात्याच्या माहितीप्रमाणे तिकडचा क्रू महिन्याला साधारण ७५ ते १०० तास उडतो आणि वर ५० एक तास जमिनीवरची कामं करतो. युरोपात तर २८ दिवसांत १०० तासांच्या वर उडवायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे ८० तास धरले तर ३५ च्या दराने २,८०० डॉलर, आणि त्यात तिकडचं घरभाडं.

"फक्त हवेतले पैसे" हेही अर्धवट. बऱ्याच अमेरिकन कंपन्यांत पगाराचा मीटर विमान गेटवरून हललं की सुरू होतो आणि पुढच्या गेटला लागल्यावर बंद, म्हणजे रनवेच्या रांगेत अर्धा तास अडकलात तर तोही धरला जातो. खरी बोंब होती बोर्डिंगची, बॅगा वर चढवायच्या, भांडणं सोडवायची, ते सगळं फुकट. पण डेल्टा या अमेरिकन कंपनीने २०२२ पासून बोर्डिंगचे निम्म्या दराने पैसे द्यायला सुरुवात केली, अमेरिकन एअरलाईन्सच्या २०२४ च्या करारात बोर्डिंगचे पैसे आले, आणि एअर कॅनडाचे १०,००० हून जास्त क्रू ऑगस्ट २०२५ मध्ये संपावर गेले त्यातला एक मोठा मुद्दा जमिनीवरच्या कामाचे पैसे हाच होता.

जगभर एकच नियम म्हणे! साउथवेस्ट या अमेरिकन कंपनीत तासच नाही, 'ट्रिप' मोजतात, २४३ मैलांची एक ट्रिप, अंतर वाढलं की भर पडते, आपल्या रेल्वेच्या ड्रायव्हर-गार्डना किलोमीटरवर भत्ता मिळतो ना, साधारण तसंच. एमिरेट्समध्ये बेसिक वेगळा, उडण्याच्या तासांचे पैसे वेगळे, बाहेरगावी मुक्काम पडला तर जेवणाचा भत्ता, राहायची सोय कंपनीची आणि दुबईत पगारावर इन्कम टॅक्स नाही. आता याची तुलना ३५ डॉलरशी कशी करणार?

राहिलं आपल्याकडचं. नुसता फिक्स नसतो, साधारण फिक्स भाग अधिक फ्लाइंग अवर्सचा अलाउन्स अधिक लेओव्हर म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाचे पैसे असं मिळून बनतं, कंपनीगणिक कमीजास्त. आणि इथे छोट्या रूटचा घोळ होतो. मुंबई-चिपीसारखं (चिपी म्हणजे सिंधुदुर्गचा विमानतळ) तासाभराचं उड्डाण धरा, त्यासाठी चढवणं-उतरवणं मात्र लांबच्या फ्लाइटसारखंच, मग दिवसभर राबूनही मोजलेले तास थोडेच भरतात. त्यात जुलैचा पाऊस. चिपीवर ढग खाली आले, विमान घिरट्या घालून गोव्याला नाहीतर परत मुंबईला गेलं तर तास वाढतात, पण फ्लाइट कॅन्सलच झाली तर? पैसे तासावर असतील आणि गॅरंटी नसेल तर युनिफॉर्म घालून एअरपोर्टवर बसलेला दिवस पाण्यात. बऱ्याच अमेरिकन कंपन्यांत म्हणूनच महिन्याला साधारण सत्तर-पंचाहत्तर तासांच्या पैशांची गॅरंटी असते.

तेव्हा क्लासवाल्याला दर विचारू नका, तो सांगेलच. ऑफर लेटर हातात आलं की बघा, कमीत कमी किती तासांचे पैसे पक्के आहेत, कॅन्सल झाल्यावर काय, स्टँडबायचे, म्हणजे बोलावतील म्हणून तयार बसण्याचे, मिळतात का. लेटरमध्ये नसेल तर सही करायच्या आधी एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवरचं 'हो हो मिळतं' धरू नका.