योजन आठ मैलांचं कुणी केलं?

‘जुग सहस्र जोजन पर भानू’ या हनुमान चालीसातल्या ओळीवरून एक गणित वर्षानुवर्षं फिरतंय. युग म्हणजे १२,०००, सहस्र म्हणजे १,०००, योजन म्हणजे ८ मैल. गुणाकार केला की ९ कोटी ६० लाख मैल, म्हणजे १५.३६ कोटी किलोमीटर, आणि तेच सूर्याचं अंतर. योजन ज्यातून बनतं तो ‘धनू’ म्हणजे बाण जाऊन पडेल तेवढी जागा, अशी जोडही कुणी कुणी देतं.

धनूपासूनच सुरुवात करू, कारण पाया तोच आहे. धनू हा बाणाचा पल्ला नाही, ती धनुष्याची लांबी आहे: ४ हात, म्हणजे ९६ अंगुळं, साधारण १.८ मीटर. मनुस्मृती गावाभोवती १०० धनू जागा गुरांसाठी मोकळी सोडायला सांगते, किंवा मग काठी तीनदा फेकून जाईल तेवढी. धनू बाणाच्या पल्ल्याएवढा, समजा २०० मीटरचा असता, तर प्रत्येक गावाभोवती २० किलोमीटर नुसतं गायरान झालं असतं. शेती करायची कुठे? ४ हातांचा धनू धरला की १८० मीटर होतात, काठीची एकेक फेक ६० मीटरची, आणि सगळं जागच्या जागी बसतं. जमीन मोजणाऱ्यांचं हे माप कामाप्रमाणे बदलायचंही. कौटिल्याने रस्ते आणि तटबंदीसाठी १०८ अंगुळांचा निराळा धनू दिला आहे.

त्यामुळे योजनही एकच नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात ४ हातांचा दंड (म्हणजे धनूच), २,००० दंडांचा क्रोश आणि ४ क्रोशांचं योजन आहे; हात दीड फुटाचा धरला तर हे योजन ९ मैलांचं होतं. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं दिला, त्यावरून योजन साडेसात मैलांचं. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात तोच व्यास १,६०० योजनं आहे, म्हणजे योजन जेमतेम ५ मैल. यांतलं एकही ८ मैलांचं नाही. उत्तर आधी ठरवून योजन बेतलं आहे, आणि तरीही ते जुळत नाही: जुलैत सूर्य सर्वांत लांब असतो, तेव्हाही अंतर १५.२१ कोटी किलोमीटरच असतं.

१२,००० ही तर चतुर्युगाची दिव्य वर्षं. वर्षांनी मैलांना गुणून काय मिळणार?

मला वाईट याचं वाटतं की या गडबडीत आपल्या ज्योतिर्विदांनी खरोखर काय मांडलं ते कुणी वाचतच नाही. सूर्यसिद्धान्तात चंद्राच्या कक्षेचा घेर ३,२४,००० योजनं आणि सूर्याच्या कक्षेचा ४३,३१,५०० योजनं आहे. या घेरांवरून अंतरं (त्रिज्या) काढून ती पृथ्वीच्या त्याच ग्रंथातल्या व्यासाने मोजली की योजन केवढं हा वादच उरत नाही. चंद्र येतो सुमारे ३२ व्यासांवर. आजचं मोजमाप सांगतं ३०. किती सुंदर! सूर्य मात्र येतो ४३१ व्यासांवर, आणि प्रत्यक्षात तो साधारण ११,७४० व्यास लांब आहे. चूक कुठे झाली तेही दिसतं. सूर्य-चंद्रासकट सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजनं चालतात असं गृहीत धरलं होतं, म्हणून फेरीला १३.३७ पट वेळ घेणारा सूर्य चंद्राच्या १३.३७ पट लांब ठरला. खरा तो ३८९ पट लांब आहे.