खुलासा: ब्रिटनची २ कोटी पौंडांची भरपाई गुलामांना नव्हे, मालकांना मिळाली

'ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी संपवली आणि गुलामांना २ कोटी पौंड भरपाई दिली, मग आता कसली मागणी?' असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

२ कोटींचा आकडा खरा आहे, पण ही रक्कम गुलामांच्या मालकांना, मालमत्ता गेल्याची भरपाई म्हणून दिली गेली. सुमारे ८ लाख गुलामांना एक पेनीही मिळाली नाही. उलट १ ऑगस्ट १८३४ नंतर बहुतेक वसाहतींत फक्त ६ वर्षांखालील मुले लगेच मोकळी झाली. तिथे बाकीच्यांना 'उमेदवारी'च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे आठवड्याला ४५ तासांपर्यंत विनावेतन राबावे लागले. ही पद्धत १८३८ मध्ये बंद झाली.

रकमेपैकी दीड कोटी पौंड सरकारने कर्जाने उभे केले. ते पुढे इतर सरकारी रोख्यांत मिसळले आणि २०१५ मध्ये फिटले. म्हणजे कॅरिबियनमधून ब्रिटनला आलेल्या गुलामांच्या वंशजांच्या करातूनही हे कर्ज फेडले गेले. भरपाईची मागणी करणाऱ्यांना 'फुकटे' म्हणण्याआधी हा हिशेब पाहावा.

'१८३३ चा कायदा साऱ्या साम्राज्याला लागू होता' हेही खरे नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, म्हणजे मुंबई इलाखाही, त्यातून वगळला होता. इथे १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणे बंद केले. गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती १८६० च्या दंडसंहितेने.