घोट्याच्या जखमेवर फ्लॅप: एक खुलासा

‘घोट्याच्या जखमेत हाड दिसलं तरी मांडीची कातडी लावली की भागतं, फ्लॅप म्हणजे बिल फुगवणं’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. फ्लॅप म्हणजे रक्तवाहिन्यांसकट उचलून जखमेवर आणलेला, कातडी आणि तिच्या खालच्या थराचा जाड तुकडा. मांडीवरून घेतलेला कातडीचा पातळ थर खालच्या रक्तपुरवठ्यावर जगतो. हाडावरचं आवरण शाबूत असेल तर तो धरतोही. उघड्या, कोरड्या हाडावर नाही. फ्लॅप स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येतो. पोटरीमागचा सुरल फ्लॅप घ्या: बाहेरच्या घोट्याच्या साधारण ५ सेंटीमीटर वर त्याचा देठ, म्हणजे रक्तवाहिन्या असलेला जोडलेला भाग, राखतात आणि तो खाली वळवतात. फ्लॅप जांभळा पडू लागला की रक्त तुंबलंय समजायचं, लगेच डॉक्टरांना कळवायचं. पावलाची बाहेरची कड बहुधा बधिर होते, हे मात्र पेशंटला आधी सांगायलाच हवं. आणि गंमत म्हणजे, पोटरीवरची मोठी रिकामी जागा झाकायला मांडीचीच कातडी लागते!