‘त्यांना सवयच घाण पाण्याची’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

पहिला पाऊस पडला की उकिरड्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, तशी ही पोस्ट दरवर्षी उगवते. यंदा ती मला तीन ग्रुपवर आली. एक नातेवाइकांचा, एक शाळेतल्या मित्रांचा आणि तिसरा, याचं जास्त वाईट वाटलं, आमच्याच खात्यातल्या निवृत्तांचा. पोस्ट लांबलचक आहे, पण सार एवढंच: कॉलरा हा अडाणी, अस्वच्छ लोकांचा रोग, नळ दिले तरी ही माणसं घाण पाणीच पितात. जुलाब लागले की पोटाला विश्रांती द्यावी, पाणी बंद करावं आणि थेट सलाईन लावून घ्यावं. विहिरीत टाकतात त्या पावडरने वंध्यत्व येतं, त्यापेक्षा तुरटी फिरवावी, लिंबू पिळावं. आणि आता लस निघालीच आहे, एकदा टोचली की विषय संपला.

मी बावीस वर्षं आरोग्य सेवक म्हणून गावं फिरलो. खाली ‘आवडलं तर पुढे पाठवा’ असं लिहिलंय. मला नाही आवडलं.

सवयीपासून सुरुवात करू, कारण पोस्टचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

1892 साली जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये कॉलरा शिरला आणि साडेआठ हजारांवर माणसं दगावली. हॅम्बर्गला अगदी खेटून आल्टोना नावाचं दुसरं शहर होतं. दोघांची नदी एकच, एल्ब. आल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बर्गची घाण घेऊन आलेलं पाणी त्याच्या वाट्याला. तरी आल्टोना बरंचसं वाचलं. तिथे नदीचं पाणी वाळूच्या थरांतून गाळून नळाला सोडत, हॅम्बर्ग न गाळता सोडत होतं. दोन शहरांच्या हद्दीवर एका रस्त्याच्या या बाजूच्या घरांत रोगी होते आणि समोरच्या बाजूला नव्हते. भाषा तीच, हात धुण्याची सवय असेल नसेल तीही तीच. फरक होता तो नळ कुठून येतो याचा.

आता आपल्याकडचं. जुलै 2022, मेळघाटात चिखलदरा तालुक्यातली पाचडोंगरी आणि कोयलारी. कॉलऱ्याची साथ आली, माणसं गेली. लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले होते, हे पोस्टवाल्याला बरोबर ठाऊक आहे. का प्यायले, ते त्याने गाळलं. बिल थकलं म्हणून वीज तोडलेली, वीज नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून नळ कोरडे, असं तेव्हाच्या बातम्यांत सरळ छापून आलं होतं. नळ होता हो, नळाला पाणी नव्हतं.

‘निदान उकळून तरी प्यायचं’ असं एकाने ग्रुपवर लिहिलं. जुलैत मेळघाटात सरपण ओलं असतं. जेमतेम कोरडं राहिलेलं जळण भाकरीला वापरायचं की हंडाभर पाणी उकळायला, हा हिशोब गॅसच्या शेगडीपुढे उभं राहून समजत नाही.

हैतीत तर जवळपास शंभर वर्षं कॉलराच नव्हता. 2010 च्या भूकंपानंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतला मैला नदीच्या पाण्यात गेला आणि आठ लाखांवर लोक आजारी पडले, दहा हजारांच्या आसपास मेले. हैतीच्या माणसांच्या सवयी काय त्या एका महिन्यात बिघडल्या? पंढरपूरच्या वारकऱ्यांबद्दल इंग्रज अधिकारी हेच लिहायचे, की हे लोक पटकी घेऊन हिंडतात. लाखो माणसं एका चंद्रभागेवर येतात तर त्यांच्या पिण्याच्या पाण्याचं काय, हा प्रश्न त्यांनाही उशिराच सुचला.

पोस्टमधला खरा जीवघेणा भाग मात्र पुढचा आहे. ‘पाणी बंद करा.’

एका पाड्यावर मी पोचलो तेव्हा दोन वर्षांचं पोर आईच्या मांडीवर होतं. डोळे खोल गेलेले, रडत होतं पण डोळ्यांत पाणी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, सावकाश खाली बसली. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. मी विचारलं, पाणी किती पाजलं? आई म्हणाली, “पाजलंच नाही डॉक्टर. पाजलं की परत होतंय ना.” (गावात आरोग्य सेवकालाही डॉक्टरच म्हणतात.) तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, त्यातून काढलेला अर्थ चुकला होता. तिला तो सासूने सांगितला होता, आणि आज तोच आपल्या मोबाईलवर येतोय.

कॉलऱ्याचा जंतू आतडं कुरतडत नाही. तो एक विष सोडतो आणि त्या विषाने आतड्याच्या पेशी अंगातलं मीठ-पाणी बाहेर ओतू लागतात. मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकतं. माणूस मरतो तो पाणी आटून. पण हे विष आतड्यातलं एक दार बंद करू शकत नाही. साखर आणि मीठ बरोबर आले की ते दार उघडतं, दोघं आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं, सगळं शास्त्र एवढंच. नुसतं पाणी पुरत नाही आणि नुसती साखरही नाही, म्हणून दुकानात मिळणारी रंगीत गोड पेयं इथे उपयोगाची नाहीत. जास्त साखरेने जुलाब वाढतातच.

त्या पोराला आशाताईंनी चमच्याने पाजायला घेतलं. एक चमचा, मिनिटभर थांबायचं, पुन्हा एक. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. मी गाडीची व्यवस्था करेपर्यंत आणि पुढे वाटेतही ते थांबलं नाही. दवाखान्यात सलाईन लागलंच, ते लागायलाच हवं होतं. माणूस सुस्त पडला, नाडी हाताला लागेना, पिता येईना, तर सलाईनला पर्याय नाही, आणि ते भरभर द्यावं लागतं. पण बहुतेक रोगी त्या पायरीपर्यंत जायचं काही कारण नसतं. ‘बाटली लावा’ म्हणत चार तास बसून राहिलेले लोक मी पाहिलेत, खिशात ओआरएसचं पाकीट असताना.

सलाईन संपलं तर काय होतं याची परीक्षा 1971 सालीच झाली आहे. बांगलादेश युद्धातले निर्वासित बंगालच्या सीमेवर बनगावला लोटले होते, कॉलरा पसरला होता. दवाखान्यातल्या जमिनीवर जुलाब-उलट्यांत माणसं पडलेली आणि सलाईनचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पिंपात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. पाजत राहा, एवढंच सांगितलं. आधी शंभरात पंचवीस-तीस रोगी मरत होते. ते पिंप आल्यावर साडेतीन हजारांवर रोग्यांत मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. पाजणारे कोण, तर पोस्टच्या भाषेतले ‘अडाणी’ लोक. महालनबीस 2022 मध्ये गेले, पद्मविभूषण मिळालं ते मरणोत्तर.

पाकीट नसेल तर घरी एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचे सपाटच, विशेषतः मिठाचा, कारण मीठ जास्त झालं तर अपाय होतो. पाकीट असेल तर अख्खं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात; मोठं पाकीट एक लिटरला. अर्धं पाकीट ग्लासात टाकून ‘बाकीचं उद्या’ हे चालत नाही. अंगावर पिणारं मूल असेल तर पाजणं सुरू ठेवायचं. जेवण बंद नाही. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या, जुलाब थांबले तरी ठरलेले दिवस पूर्ण.

आता पावडर. तिला गावात टीसीएल म्हणतात, म्हणजे ब्लीचिंग पावडर. त्यातून निघणारं क्लोरीन पुण्या-मुंबईच्या नळाला रोज येतं. पोस्ट लिहिणाऱ्याने सकाळी ज्या पाण्याचा चहा घेतला असेल त्यातही ते असणार. वंध्यत्वाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

लोक पावडरीवर चिडतात याला कारण मात्र आहे, आणि ते आमच्याच बाजूचं. काही ठिकाणी कुणी तरी पोतं घेऊन जातो आणि मूठ-मूठ विहिरीत फेकतो. पाण्याला घाण वास सुटतो आणि बायका दुसऱ्या दिवशी हंडे घेऊन ओढ्यावर जातात. खरी रीत अशी: विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 785, की लिटर निघतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर. त्या मानाने पावडर, बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. मग तासभर कुणी पाणी काढायचं नाही. शेवटी ओटी टेस्ट: नळीत विहिरीचं पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे.

एका ग्रामपंचायतीत मी टेस्ट केली तर नळी स्वच्छ पांढरी. जलसुरक्षक, म्हणजे विहिरीत पावडर टाकणारा गावचा माणूस, शपथेवर सांगत होता की सकाळीच पावडर टाकली, आणि तो खोटं बोलत नव्हता. पोतं बघितलं. तोंड उघडं, सुतळीने नुसतं आवळलेलं, आत ओलीने गोळे झालेले. नाकाजवळ नेलं तरी वास नाही. 33 टक्क्यांची पावडर पावसाळी हवेत उघडी ठेवली की तिचा नुसता चुना उरतो. इतके दिवस तो माणूस विहिरीला चुना लावत होता, तोही प्रामाणिकपणे.

तुरटीबद्दल पोस्ट अर्धी खरी आहे. तुरटीने गाळ खाली बसतो आणि गढूळ पाण्यात ते आधी करावंच, नाहीतर क्लोरीन चिखलातच खर्ची पडतं. पण निवळलेलं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. लिंबाचंही तसंच. हा जंतू आंबटात टिकत नाही हे खरं, पण हंडाभर पाण्यात दोन फोडी पिळून तेवढा आंबटपणा येत नाही.

लस टोचतात, असं लिहिणाऱ्याने ती पाहिलेलीच नाही. आज वापरात असलेली लस तोंडाने पाजतात. ती उपयोगाची आहे यात शंका नाही. 2017 मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत सात लाखांच्या आसपास लोकांना ती पाजली आणि सगळ्यांना भीती होती तशी मोठी साथ आली नाही. पण 2022 मध्ये जगभरात इतका तुटवडा झाला की साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच डोस द्यायचं ठरवावं लागलं. आणि दोन्ही डोस मिळाले तरी ते काही वर्षांपुरतेच. तेवढ्या वर्षांत पाण्याचं काम व्हावं, ही त्यातली अपेक्षा.

पोस्टखाली एका माजी सहकाऱ्याने लिहिलं, “आता कॉलरा कुठे राहिलाय, हे सगळं गॅस्ट्रो असतं.” याला उत्तर द्यायलाच हवं, कारण हे वाक्य आम्हीच शिकवलंय. कॉलरा म्हटलं की वरून फोन येतात, पत्रकार येतात. गॅस्ट्रो म्हटलं की कुणी येत नाही. रोग्याला पाजायचं तेच असतं, त्यामुळे नावाने काय बिघडतं असं आम्हालाही वाटायचं.

एका गावात आम्ही रजिस्टरला गॅस्ट्रो लिहिलं आणि शौचाचे नमुने उशिराने पाठवले. पाचव्या दिवशी अहवाल आला, कॉलरा. मग मोठे साहेब आले, पाणीपुरवठ्याची माणसं आली आणि पाईपलाईन पावला-पावलाने तपासली गेली. गटाराखालून गेलेल्या पाईपाचा एक जोड सुटला होता. पाणी सकाळी तासभर यायचं, तेव्हा त्यातून गळायचं. ते बंद झालं की रिकामा पाईप उलटा ओढ घ्यायचा आणि गटारातलं आत खेचायचा. दुसऱ्या सकाळी पहिला हंडा भरणारी बाई तेच घरी न्यायची. जोड बसवायला दोन तास लागले. त्याआधीचे पाच दिवस तो तसाच होता.