घड्याळाला चार्जिंग नव्हतं म्हणून गड राहिला

आज पहाटे पावणेसहाला चिरंजीवांना उठवलं. रविवारी अजिंक्यताऱ्यावर येतो असं त्यानेच कबूल केलं होतं. उठला, बूट घातले, दारापर्यंत आला. मनगटाकडे बघितलं आणि परत फिरला. का? तर घड्याळाला चार्जिंग नाही. "आई, आज स्टेप्स धरल्याच जाणार नाहीत. मग कशाला यायचं?"

मग कशाला यायचं! वय वर्षं १५. अरे, पाय तुझे, गड आपला, मध्ये हे घड्याळ कोण?

गेले एकटीच. अख्खी वाट डोकं तापलेलं. मंगळाईला हात जोडले, समोर यवतेश्वर धुक्यात, खाली सगळा सातारा अजून अंथरुणात. तिथेही कट्ट्यावर चार पोरं, चार मोबाईल, माना खाली. एवढं चढून येऊन!

घरी आले तर हा पांघरुणात रील्स बघतोय. आणि मी ओरडले, "आधी वीस सूर्यनमस्कार घाल, मगच मोबाईल!"

ओरडले आणि चपापले. आवाज माझा, पण वाक्य आमच्या पी.टी.च्या सरांचं.

नववीत होते. प्रार्थनेला उशीर झाला, ग्राउंडला पाच राउंड. गृहपाठ राहिला, पाच राउंड. एकदा पावसात, चिखलात मला पळवलं होतं आणि वर्गाच्या खिडकीतून पोरं मोठमोठ्याने राउंड मोजत होती. चौथ्या राउंडला चप्पल तुटली. पाचवा अनवाणी, रडत. त्यानंतर मी पळाले ती थेट एकोणचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी शुगर सांगितल्यावर.

पळणं म्हणजे शिक्षा, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं. आणि खरा पी.टी.चा तास? तो गणिताचे सर 'पोर्शन राहिलाय' म्हणून घ्यायचे. आजही घेतात, विचारा आपापल्या पोरांना.

२०२३ मध्ये आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. आणि तेच आपण पोरगी दहावीत गेली की पहिलं काय बंद करतो? ग्राउंड. क्लास नाही बंद करत, मोबाईल तर नाहीच, कारण नोट्स त्याच्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं तरी अंग हललं पाहिजे. पहाटेचा क्लास, शाळा, संध्याकाळचा क्लास. त्या पोराने ६० मिनिटं आणायची कुठून, पोवई नाक्यावरून विकत?

मान्य, गेल्या महिन्यात त्या घड्याळाच्या नादानेच तो चार दिवस आपणहून चालायला गेला होता. असो.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. त्यांनी २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. पोरांचे नाहीत फक्त, थोरांचेही. मला ते 'थोरांचेही' फार आवडलं आणि टोचलंही. आमच्या घरात भोंगा वाजला तर आधी माझ्याच हातातला काढून घ्यावा लागेल. कितवीपासून त्याच्या हातात मोबाईल दिला? तो जेवत नव्हता तेव्हापासून, म्हणजे बालवाडीच्याही आधी. दिला कुणी? मीच, वरणभाताच्या घासाबरोबर.

दुपारी तो खोलीतून बाहेर आला. म्हणाला, "अकरा घातले. बारावा चुकला." मी मोबाईल देऊन टाकला. त्याने घेतला, पण आधी विचारलं, "तुला पळायला खरंच आवडतं का गं, का शुगरसाठी जातेस?"

काय सांगणार? त्याला त्या चिखलातल्या राउंडचं कधी सांगितलंच नाहीये. तुटलेल्या चपलेचंही.

पुढच्या रविवारी सांगेन. चार्जिंग असो नसो, नेणार आहे. सूर्यनमस्कारांचं सॉरीही तिथेच म्हणेन, अर्ध्या चढावर. त्याला दम लागलेला असेल, उलट उत्तर देता यायचं नाही.