रोजच्या कॉलपेक्षा रोजचा कारभार

परदेशी तैनात जवानाने पत्नीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलावे, हा एका लेखात वाचलेला सल्ला मला अपुरा वाटतो. ‘जेवलीस का’ एवढ्यावर संपणाऱ्या कॉलपेक्षा घरच्या निर्णयांत त्याचा वाटा राहणे अधिक मोलाचे आहे. माझे धाकटे दीर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानमध्ये आहेत. तिथले घड्याळ साडेतीन तास मागे असल्याने त्यांना रात्री नऊला सवड मिळते तेव्हा इंदुरात साडेबारा वाजलेले असतात, आणि सकाळी मुलाचा डबा करायचा असताना जाऊबाईंनी रोज जागायचे तरी किती? त्यामुळे त्या ओट्याशी पोहे परतता परतता व्हॉइस मेसेजवर बिघडलेल्या गिझरची हकिगत सांगतात, आणि भावोजी रेंज मिळाली की तो दुरुस्त करावा की नवा घ्यावा, यावर सविस्तर (अंमळ जास्तच सविस्तर) उत्तर पाठवतात.